आगोट विसरलेले घर

२६ जुलै २००५ हा मंगळवार होता. सकाळी कल्याण, डोंबिवली आणि ठाणे या स्थानकांवरून नेहमीच्या गाड्या नेहमीच्याच गर्दीने भरून मुंबईकडे गेल्या. दुपारनंतर त्या परतल्या नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पडला, हा तपशील पुढे सर्वांना पाठ झाला. मिठी नदीचे नाव देशभर पोहोचले. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि २००६ साली तिचा अहवालही आला. तो अहवाल मुंबईचा होता. त्याच दिवशी उल्हास, काळू, बारवी आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूरपासून कल्याणच्या खाडीकाठापर्यंत जो हाहाकार माजवला, त्याची आठवण मात्र ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यापुरतीच उरली.

त्या दिवसाकडे आणखी एका बाजूने पाहिले पाहिजे. डोंबिवली, कल्याण आणि ठाण्याचा मोठा भाग ही चाकरमान्यांची वस्ती आहे. दुपारी तीन वाजता घरातील कर्ता पुरुष आणि नोकरी करणारी सून दोघेही वीस-पंचवीस कोसांच्या टापूत कुठेतरी कचेरीत असतात. त्या दिवशी ती माणसे दादरहून, कुर्ल्याहून, घाटकोपरहून रुळांवरून चालत घराकडे निघाली. कित्येक जण दुसऱ्या दिवशी पोहोचले. मोबाइल बंद होते आणि वीज गेली होती. तेव्हा उंबरठ्यापर्यंत पाणी आले त्या क्षणी घरात कोण होते? सत्तरीच्या आजी-आजोबा होते, शाळेतून आलेली मुले होती, एखादी बाळंतीण होती. मुख्य स्विच कुठला, गॅस कसा बंद करायचा, कागदपत्रांची पेटी कुठे आहे, हे घरातील ज्याला ठाऊक होते, तो विक्रोळीच्या रुळांवर होता.

पावसाळ्यापूर्वीच्या तयारीवर जे लेख छापून येतात, पत्रके वाटली जातात, ती सारी घरात कोणीतरी धडधाकट, जाणता माणूस आहे असे गृहीत धरून लिहिलेली असतात. या गावांत ते गृहीतक दिवसाचे दहा-बारा तास खोटे असते. म्हणून घराची तयारी झाली की नाही याची एकच कसोटी योग्य ठरेल. कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता जो कोणी घरात असतो, त्याला ती तयारी वापरता येते का?

आगोट म्हणजे काय

कोकणपट्टीत आणि ठाण्याच्या आगरी-कोळी गावांत ‘आगोट’ हा शब्द अजून जिवंत आहे. पावसाळा तोंडावर आला की चार महिन्यांची बेगमी करायची, त्या साऱ्या लगबगीला आगोट म्हणतात. कौले परतायची, फुटकी बदलायची, पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतींना झावळ्यांच्या झडी बांधायच्या, लाकूडफाटा आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचायच्या. मीठ, मिरची, डाळ-तांदूळ भरून ठेवायचे. कोळीवाड्यात सुकी बोंबील-जवळा, ब्राह्मणआळीत पापड-सांडगे-लोणची. यांतील जवळजवळ प्रत्येक काम घरातील बायका, म्हातारी माणसे आणि पोरे मिळून करीत. त्यामुळे कुठली वस्तू कुठे आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असे. आगोटीचे खरे सामर्थ्य साठवलेल्या धान्याइतकेच या सामायिक माहितीत होते.

सदनिकेत राहायला आलेल्या पिढीने कौलांबरोबर आगोटही सोडून दिली. काँक्रीटच्या घराला पावसाळ्याची तयारी ती कसली, असा समज झाला. दुकान खाली आहे, नळाला पाणी आहे, बटण दाबले की दिवा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाऊन यायचे आणि जूनमध्ये छत्र्या शोधायच्या, एवढीच काय ती तयारी उरली. गच्चीवर डांबराचा थर द्यायचा की नाही यावर सोसायटीच्या सभेत दोन तास वाद होतो. तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत पाणी शिरले तर काय, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसतोच.

पाणी येते कोठून

आपल्या गावाची रचना ठाऊक नसलेला माणूस पुराची तयारी करू शकत नाही. उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगररांगांतून निघते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर ओलांडून ती कल्याणकडे येते. वाटेत बारवी मिळते. पुढे भातसेला पोटात घेऊन टिटवाळ्याकडून आलेली काळू मिळते. कल्याणपासून ती खाडी होते आणि ठाण्याजवळ तिला दोन वाटा फुटतात, एक वसईकडे आणि दुसरी ठाणे खाडीतून दक्षिणेकडे. काकोळ्याच्या डोंगरातून निघालेली वालधुनी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणात उतरते. जी नदी पाहून शिलाहारांनी शके ९८२ मध्ये मंदिराची जागा निवडली, तिला आज बहुतेक लोक नाला म्हणतात. नाव बदलले म्हणून तिचे पाणलोट क्षेत्र काही कमी झाले नाही.

म्हणजे डोंबिवलीत लख्ख ऊन असतानाही कर्जतच्या घाटात कोसळलेला पाऊस काही तासांनी मोहने, वालधुनी, रेतीबंदर येथे पोहोचू शकतो. याउलट कधी नदी शांत असते आणि गावातलेच पाणी तुंबते, कारण त्याला बाहेर जायला वाट नसते. खाडीला भरती आली की गटारांची तोंडे पाण्याखाली जातात. २६ जुलैच्या दुपारी भरती ४.४८ मीटरची होती आणि पाऊसही त्याच वेळी कोसळत होता. खारभूमीत भातशेती करणाऱ्या आगरी समाजाने हे शास्त्र फार पूर्वीच ओळखले होते. खाडीच्या बांधाला ते ‘उघाडी’ ठेवीत. ओहोटीला ती उघडून शेतातले गोडे पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीला ती मिटून खारे पाणी अडवायचे. त्याच खाजणांवर पुढे भराव पडले, इमारती उभ्या राहिल्या आणि उघाडी नामशेष झाल्या. त्यांचे काम कोणी करायचे, हा प्रश्न भरावाबरोबरच गाडला गेला.

भरतीचा अंदाज बांधण्याचा एक जुना ठोकताळा मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर प्रचलित आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते. २१ जुलै २००५ रोजी गुरुपौर्णिमा होती. २६ तारखेच्या दुपारी षष्ठी. सहा गुणिले पाऊण म्हणजे साडेचार. भरती त्या दुपारीच होती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. खाडीच्या आतल्या टोकाला भरती थोडी उशिरा पोहोचते, हे लक्षात घेऊन हा हिशेब घरातील आजोबा दिनदर्शिका पाहून सहज करू शकतात. पावसाच्या इशाऱ्यासोबत त्यांनी तो केला, तर ‘पाणी आले’ हे कळण्यापूर्वीच ‘पाणी येईल’ हे कळते. जाता जाता एक गोष्ट. पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणण्याची पद्धत आहे. २६ जुलै पुष्यात येतो. म्हाताऱ्याने त्या वर्षी सगळ्यांचेच अंदाज चुकवले.

२००५ साली मुंबईत डॉप्लर रडार नव्हते, आज आहे. हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते, आणि लाल इशारा बहुधा चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता सांगतो. बदलापूर येथे उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात ही पातळी जाहीर होत असते. कल्याणच्या खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे दोन आकडे क्रिकेटच्या धावसंख्येइतके तोंडपाठ असायला हरकत नसावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि महावितरणचा १९१२ हे क्रमांक मोबाइलमध्ये असतातच. पण मोबाइल ज्याच्या खिशात आहे तो घरी नसतो. ते मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे चिकटवलेले असावेत.

घरातली तयारी

मोठा खर्च कुठेच नाही. बहुतेक गोष्टी एका रविवारी दुपारी उरकतात, आणि त्या घरातील सर्वांनी मिळून कराव्यात यालाच महत्त्व आहे. मुख्य स्विच कोणता ते आजीला दाखवायचे, तिच्या हाताने एकदा बंद-चालू करून घ्यायचे. तो उंचावर असेल आणि तिचा हात पोहोचत नसेल, तर हे मे महिन्यात कळलेले बरे. पाणी घरात शिरण्यापूर्वी, हात आणि जमीन कोरडी असतानाच वीज बंद करायची. एकदा पाण्यात उभे राहिल्यावर स्विचला हात लावायचा नाही. पाणी पायरीला लागले की हा निर्णय घेण्याचा अधिकार घरात जो असेल त्याचा, मग तो बारा वर्षांचा का असेना. ‘बाबांना विचारून’ हा शब्दप्रयोग त्या क्षणी घातक ठरतो.

इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक घरांत जमिनीलगत ठेवलेली असते. तळमजल्यावर ती हातभर उंच मांडणीवर गेली पाहिजे. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर दोरीने जखडावा, कारण रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि भिंतींवर आपटत फिरतो. पुराचे पाणी दारातून येण्यापूर्वी पुष्कळदा मोरीतून आणि शौचकूपातून वर येते, हा अनुभव तळमजल्यावरच्यांना ठाऊक आहे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तिने ही तोंडे दाबून ठेवता येतात. कायमचा उपाय हवा असेल तर प्लंबरकडून उलट प्रवाह रोखणारी झडप बसवून घ्यावी. खिडक्यांना चोरांच्या भीतीने लोखंडी जाळ्या बसवल्या जातात, त्या आतून उघडत नाहीत. दारात पाणी असेल तर त्या घराला दुसरी वाट उरत नाही. जाळीचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करून घेणे आणि त्याच्या कुलपाची किल्ली शेजारीच खिळ्याला टांगणे, एवढ्याने एखादा जीव वाचू शकतो.

कागदपत्रांची गोष्ट तर २००५ नंतर हजारो कुटुंबांनी भोगली. घराचा करारनामा, शिक्षणाची प्रमाणपत्रे, बँकेची पुस्तके, जन्माचे दाखले लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवण्याची एक विचित्र सवय आहे. सर्वांत मौल्यवान वस्तू सर्वांत खाली. ती वर न्यावी, जलरोधक पिशवीत घालावी, आणि डिजिलॉकरची सोय आता आहे तर तीही वापरावी. सोबत आठवड्याची औषधे, त्यांची नावे लिहिलेला कागद, बॅटरी, शिटी, थोडी रोकड आणि सुके खाणे असलेली एक पिशवी खुंटीला टांगून ठेवावी. जपानमध्ये दरवर्षी १ सप्टेंबर हा आपत्ती-निवारण दिन पाळतात. १९२३ च्या कांतो भूकंपाची ती तारीख. तेथील घराघरांत अशी पिशवी तयार असते आणि शाळकरी मुलालाही ती कुठे आहे हे ठाऊक असते.

पिण्याच्या पाण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जुलै २०२१ च्या पुरात मोहिली येथील उदंचन केंद्रात पाणी शिरले आणि कल्याण-डोंबिवलीचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. बाहेर पाणीच पाणी आणि नळ कोरडा. ज्या नदीचे पाणी प्यायचे तिच्याच काठी पंप असणार, त्यामुळे हे पुन्हा घडू शकते. इशारा मिळताच माणशी रोजचे किमान तीन लिटर या हिशेबाने चार दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून भरून ठेवावे. आगोटीत धान्य भरत. शहराच्या आगोटीत पाणी भरावे लागते, हा काळाचा विनोद म्हणायचा.

एकट्या घराचे भागत नाही

तथापि आपले घर सावरून माणूस सुरक्षित होत नाही. जुन्या डोंबिवलीतील तीन-चार मजली इमारतींना उद्वाहन नसते. जिना चढवत नाही म्हणून तळमजल्याची खोली वृद्धांच्या वाट्याला येते. पाणी प्रथम जिथे पोहोचते तिथेच हलायला सर्वांत असमर्थ माणसे राहतात. त्यांची मुले कामावर असतात किंवा पुण्याला, अमेरिकेला. त्यांना उचलून पहिल्या मजल्यावर कोण नेणार, कोणत्या घरात नेणार, हे पाणी आल्यावर ठरवून चालत नाही. ‘तळमजल्यावरचे जोशीकाका आमच्याकडे येतील’ असे वरच्या एका कुटुंबाने आधीच सांगून ठेवलेले असावे. ते काकांनाही ठाऊक असावे. आणि ते स्वाभिमानापोटी ‘मला काही होत नाही’ म्हणतील, याचीही तयारी ठेवावी.

इमारतीच्या पातळीवर तीन ठिकाणे दुर्लक्षित राहतात. पहिले मीटरची खोली. ती तळाशी असते आणि तिची किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका कामावर गेलेला असतो. किल्लीची दुसरी प्रत दिवसभर घरी असणाऱ्या व्यक्तीकडे हवी, आणि मीटरची फळी उंचावर नेण्यासाठी महावितरणकडे पावसाळ्यापूर्वीच अर्ज गेला पाहिजे. दुसरे उद्वाहन. पाणी भरू लागताच ते वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावे, नाहीतर खड्ड्यात पाणी साचून लाखांचा फटका बसतो. तिसरे आणि सर्वांत धोक्याचे ठिकाण म्हणजे जमिनीखालील पाण्याची टाकी. तिचे झाकण आवाराच्या पातळीला असते; गटाराचे पाणी त्यात सहज उतरते. पूर ओसरल्यावर पहिल्या उत्साहात कोणीतरी पंप सुरू करतो आणि तेच पाणी सगळ्या घरांच्या नळांत जाते. टाकीचे तोंड हातभर उंच बांधून घ्यावे. पाणी शिरलेच तर टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने शुद्ध केल्याशिवाय पंपाला हात लावू नये. तोपर्यंत पिण्याचे पाणी उकळून किंवा मेडिक्लोरचे थेंब घालूनच प्यावे. २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाने डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक औषध घेतले पाहिजे. ‘तापच आला नाही अजून’ म्हणून थांबू नये.

पाणी जेवढे धोकादायक, तेवढीच भिंत. २०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अवघ्या आठवड्याच्या अंतराने ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात दोन जुन्या इमारती कोसळल्या आणि एकवीस माणसे गेली. १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी टाळण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. अहवाल विरुद्ध आला तर घर सोडावे लागेल, भाडेकरूचे हक्क काय, पुनर्विकास कोण करणार. या भीती खऱ्या आहेत आणि शासनाने त्यांची उत्तरे वेळेवर दिलेली नाहीत. म्हणून तपासणीच न करणे हे मात्र उत्तर होत नाही. वाऱ्याचेही तसेच. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ यांनी अरबी समुद्रातील वादळे ही केवळ गुजरातची बाब राहिलेली नाही हे दाखवले. १३ मे २०२४ च्या वावटळीत घाटकोपरचा फलक कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. गच्चीवरची पत्र्याची शेड, कठड्यावरच्या कुंड्या आणि सैल झालेल्या तबकड्या मे महिन्यातच तपासाव्यात.

दोष कोणाचा

या साऱ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कर आम्ही भरतो, नाले महापालिकेने साफ करावेत, आम्ही वाळूच्या पिशव्या का भरायच्या? आक्षेप रास्त आहे. नालेसफाईची कामे जूनच्या तोंडावर धावपळीत होतात आणि काठावर उपसून ठेवलेला गाळ पहिल्या सरीबरोबर पुन्हा नाल्यात जातो, हे दृश्य ठाणे-डोंबिवलीकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर आणि चिखलवाडी प्रत्येक मोठ्या पावसात का भरते, याचा जाब महापालिकेला विचारलाच पाहिजे. तोही पावसाळ्यात संतापून नव्हे, तर फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या वेळी, आकड्यांनिशी.

परंतु दोषाचा एक वाटा मध्यमवर्गाच्याही पदरात पडतो. नदीकाठची निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर दाखवते, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणारा. घर घेताना स्टेशनपासून किती मिनिटे, शाळा किती जवळ, गॅलरी पूर्वेला की पश्चिमेला, हे सारे विचारले जाते. पूररेषा कुठे आहे हे किती जण विचारतात? खाडीकाठच्या भरावावरील सदनिका स्वस्त असते आणि ती स्वस्त का आहे हे कुणाला जाणून घ्यायचे नसते. आवारात चिखल नको म्हणून सोसायट्यांनी इंचन्‌इंच जमिनीवर फरशा बसवल्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक हजार चौरस मीटरच्या आवारात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर ९ लाख ४४ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चौऱ्याण्णव टँकर. त्यातले काही तरी पाणी मुरवायला मातीचा तुकडा ठेवायला नको का? २००५ नंतर महाराष्ट्रात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली, २०१८ साली ती अधिक कडक झाली. पिशव्या आजही भाजीबरोबर घरात येतात आणि नाल्यात जातात. तेव्हा महापालिकेकडे बोट दाखवताना आपल्या हातात काय आहे तेही पाहिलेले बरे.

समाज म्हणून एकत्र येण्याची ताकद या गावांत नाही असे कोण म्हणेल? १९९९ साली डोंबिवलीने गुढीपाडव्याची शोभायात्रा काढली आणि ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि सैन्यदलांनी बाहेर काढले, आणि त्यांच्याआधी मदतीला धावले ते आसपासचे गावकरी. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये हा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत तेथे निवारे बांधले गेले, आणि गावोगावच्या तरुणांना कोणत्या घरात अपंग आहे, कोणत्या घरात गर्भवती आहे हे नावानिशी ठाऊक झाले. संकटाच्या रात्री भाकरीची पाकिटे वाटणारी तरुण मंडळे ठाण्यात आणि डोंबिवलीत गल्लोगल्ली आहेत. त्यांनी मे महिन्यात आपल्या वस्तीतील अशा घरांची यादी केली, तर जुलैतील अर्धे काम झालेले असेल. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी दारोदार जाताना प्रत्येक घरातले माणूस न् माणूस ओळखीचे होतेच.

पाणी ओसरल्यावर

घरविम्याकडे आपल्याकडे अपशकुनासारखे पाहिले जाते. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित योजना द्यावी लागते. तिच्यात पुराचे नुकसान येते, आणि घराच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, सामानालाही संरक्षण मिळते. गाडीचा केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला, तरी बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करून पाहिली आणि इंजिनात पाणी गेले, तर त्यासाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नसल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. ती ओढूनच न्यावी. घर साफ करण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत, कारण तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत चिखल धुतला गेलेला असतो आणि पुरावाही. वीज सुरू करण्यापूर्वी तारतंत्र्याकडून सर्व जोडण्या तपासून घ्याव्यात. भिंतीतील ओल डोळ्यांना दिसत नाही.

आणि एक छोटे काम. ज्या इमारतीत २००५, २०१९ किंवा २०२१ साली पाणी आले होते, तिथल्या जुन्या रहिवाशांना ते कुठवर आले हे बोटाने दाखवता येते. नव्याने आलेल्या भाडेकरूला ते ठाऊक नसते, आणि जुने रहिवासी एकेक करून कमी होत आहेत. प्रवेशद्वाराजवळच्या खांबावर त्या उंचीला तैलरंगाची एक रेघ मारून शेजारी साल लिहावे. मीटरची फळी, टाकीचे तोंड आणि इन्व्हर्टरची मांडणी त्या रेघेच्या वर किती आहे, हे मग कोणालाही पाहता येईल. पावसाळ्यापूर्वी सोसायटीची रंगरंगोटी निघालीच असेल, तर रंगाऱ्याला ही रेघ आधीच दाखवून ठेवावी, नाहीतर तो तिच्यावरूनही रंग फिरवून मोकळा होईल.